बॅरन झ्लोबाची उसनी पेटी

एमिल,

पेटी अजून माझ्याच गॅरेजमध्ये आहे. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ऐकशील. मुद्द्याची गोष्ट पहिल्या वाक्यात आली नाही की टेबलावर बोटं वाजवत बसायची तुझी सवय मला माहीत आहे. तर आहे. एक बिजागरी गंजली, आतलं गुलाबी साटीन उंदरांनी निम्मं नेलं, बाकी लाकूड ठणठणीत.

गेल्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोहीच्या रांगेत कोवालचिकचा नातू भेटला. अंत्यसंस्कारांचा धंदा आता तो बघतो. मला म्हणाला, "विल्मा आजी, जुन्या कागदांत सापडलं. आमची एक शवपेटी तुमच्या टीव्हीवाल्यांकडे गेलीय म्हणे. एकोणीसशे बासष्टमध्ये. आठवड्यापुरती."

"आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "पण वापरलेली आहे. चालेल?"

हसला नाही. धंदाच तसा. वर विचारतो, "नेली होती कुणी? इथं एमिल ह्रुष्का असं नाव आहे. हे कोण?"

लँगफर्ड गावात उभं राहून, कोबीचं सारण भरलेल्या पिरोहीचा डबा हातात धरून, हे कोण म्हणे! रागानं माझा डबा कलंडला. मग घरी येताना वाटलं, पोराची काय चूक? त्याला दाखवायला आहे काय माझ्याकडे? एक फीत नाही, एक चित्र नाही. होती ती फीत आपणच दर आठवड्याला पुसत होतो. म्हणून आता त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी लिहून काढते. तू मधे बोलू नकोस.

*

एमिल ह्रुष्काचा बाप पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता, काका भट्टीवर होता, दोन्ही थोरले भाऊ भट्टीवर होते. एमिलही अठराव्या वर्षी भट्टीवर गेला आणि चार महिन्यांत घरी आला. फोरमनचा आवाज हुबेहूब काढून त्यानं भोंग्याच्या तासभर आधी अख्ख्या पाळीला सुट्टी देऊन टाकली होती. अर्धी पाळी खरोखर घरी गेली. त्याची आई चुलीपाशी उभी होती. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "एमिलको, तोंडापायी नोकरी घालवलीस ना? आता बघू त्याच तोंडानं मिळव दुसरी."

त्यानं मिळवली. आधी रेडिओ, आणि त्रेपन्न साली गावात टीव्हीचं केंद्र निघालं तेव्हा तिथं. केंद्र म्हणजे टायरच्या गोदामात दोन कॅमेरे आणि चौदा माणसं. सगळ्यांनी सगळं करायचं. एमिल दर तासाला केंद्राचं नाव घ्यायचा, डुकरांचे बाजारभाव वाचायचा, चारला पाच मिनिटं कमी असताना हवामान सांगायचा. मग धावत पडद्यामागे जाऊन टोपी चढवायचा आणि ठीक चार वाजता कप्तान पिप होऊन बाहेर यायचा.

कप्तान पिपची बोट प्लायवूडची होती. आमच्या नदीत तेव्हा बोट सोडा, बेडूक टिकत नव्हता. कारखान्यानं तिचं पाणी नारिंगी करून ठेवलं होतं. पण चार वाजता लँगफर्डच्या सगळ्या पोरांना ठाऊक असायचं की कप्तान त्याच नदीतून वर आलाय. स्टुडिओत लाकडी पायऱ्यांवर रोज वीस मुलं बसवायची, कार्टून दाखवायची, मधे कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या डेअरीच्या दुधाचा ग्लास पिऊन दाखवायचा आणि शेवटी वाढदिवसांची कार्डं वाचायची. एमिल कार्ड गाळत नसे. वेळ संपत आला तर श्वास न घेता वाचायचा. पोलिश नावं, स्लोवाक नावं, इटालियन, ग्रीक. शाळेत ज्या नावांची मास्तरणी मोडतोड करायच्या ती तो नीट उच्चारायचा. मी टेबलाखाली बसून हूबर नावाच्या घुबडात हात घालून ते हलवायची. चार वर्षं कॉलेजात नाटकाचा अभ्यास करून मला हे काम मिळालं होतं. शिवाय टायपिंग. शिवाय रंगरंगोटी. असो.

हा झाला चारचा एमिल. दुसरा शुक्रवारी रात्री साडेअकराला यायचा. केंद्रानं भुताखेतांचे जुने स्वस्त सिनेमे ठोकभावात घेतले होते, इतके टाकाऊ की नुसते दाखवायची लाज वाटे. मग मधे मधे शवपेटीचं झाकण करकरत उघडायचं आणि बॅरन झ्लोबा उठून बसायचा. पांढराफटक चेहरा, काळे ओठ, काळी नखं. "बघताय अजून?" तो म्हणायचा. "मी पेटीत आहे, माझा नाइलाज आहे. तुम्हाला काय झालंय?" नटीची टर उडवायचा, महापौरांची उडवायचा, आमचीही. बोलायची ढब त्याच्या आजीची होती आणि ते कुजकट हसूही तिचंच. आजी वारली तेव्हा एमिल दहा वर्षांचा होता. बॅरनच्या तोंडून ती दर शुक्रवारी बोलायची. कप्तान ही एमिलची नोकरी होती. बॅरन त्याचा स्वतःचा होता. हे तो कुणाला बोलला नाही, पण शुक्रवारी सकाळी तो जिने दोन दोन पायऱ्या चढत यायचा, ते आम्ही पाहत होतो.

पेटी आणली होती कोवालचिककडून. एका कोपऱ्याला पोचा आलेली, विकली जाणार नाही अशी. "आठवड्यापुरती देतो," थोरले कोवालचिक म्हणाले होते. "आणि आत बसून जेवू नकोस."

आमचे साहेब मिस्टर पेल्टन. त्यांचा एकच नियम होता: कप्तान आणि बॅरन हा एकच माणूस आहे हे केंद्राच्या आत किंवा बाहेर कुणीही उच्चारायचं नाही. बारा वर्षांपुढच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. बाराच्या आतल्या एकालाही नव्हतं. पाद्री, शिक्षक, खाटीक, सगळं गाव गप्प राहून हे सांभाळत होतं. हाताशी फीत एकच होती, त्यामुळे बॅरनचे तुकडे शुक्रवारी दुपारी एकला मुद्रित करायचे आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्यावरच नवे घ्यायचे. मग क्रीम चोळून रंग उतरवायचा, हवामान सांगायचं आणि चारला कप्तान. तोही थेट.

चूक माझी होती. चौसष्टचा नोव्हेंबर. नखांचा काळा रंग संपला होता आणि दुकानापर्यंत जायला वेळ नव्हता. स्वयंपाकघराच्या जाहिरातीसाठी ठेवलेला एक लोखंडी स्टोव्ह होता, त्याला चकाकी आणायची काळी पेस्ट डब्यात होती. मी तीच लावली. सुंदर दिसली. साडेतीनला उतरवायला घेतली तेव्हा कळलं की ती पेस्ट उतरायचीच नसते.

"विल्मे, हे काय लावलंयस?"

"स्टोव्हचं."

"स्टोव्हचं! मी काय लोखंडाचा आहे?"

क्रीम, रॉकेल, ब्रश, सगळं झालं. नखं तशीच. शेवटी लेस्टर कॅमेरामननं आपले पांढरे हातमोजे दिले. लेस्टरचे हात फावड्यासारखे. मोजे एमिलच्या बोटांवर पिशव्यांसारखे लोंबत होते.

त्या दिवशी पायऱ्यांवर पहिल्याच रांगेत रोझेला डिटुलिओ होती. पाच वर्षांची, नवा निळा फ्रॉक, वाढदिवस तिचाच. तिच्या थोरल्या भावांनी तिला आदल्या शुक्रवारी दामटून बॅरन दाखवला होता, हे आम्हाला कुठून कळणार? कप्तानानं तिचं नाव वाचलं, तिला सुकाणूपाशी बोलावलं आणि हात पुढे केला. तिनं तो धरला आणि ओढला. मोजा निघून तिच्या हातात आला.

तिनं मोज्याकडे पाहिलं. मग नखांकडे. मग वर, चेहऱ्याकडे. मी टेबलाखालच्या फटीतून पाहत होते.

"हा बॅरन आहे!" ती किंचाळली. "यानं कप्तानाला खाल्लं! खाऊन त्याचे कपडे घातले!"

वीस मुलं एका सुरात रडायला लागली. एक पायऱ्यांखाली शिरला, एकीनं फ्रॉकमध्ये शू केली. माझा हात घुबडात, हात खाली घ्यायची सोय नाही, म्हणून हूबर बिचारा मुंडी हलवत एकटाच हसतोय. लेस्टरनं कॅमेरा दुधाच्या ग्लासावर नेला आणि तिथंच ठेवला. अकरा मिनिटं लँगफर्डनं दुधाचा ग्लास पाहिला.

पेल्टनसाहेबांच्या खोलीत फोन थांबत नव्हता. त्यांनी तो उचलून टेबलाच्या खणात कोंबला.

"कप्तान बंद," ते म्हणाले. "सोमवारपासून चारला नुसती कार्टून. वर्ष सरलं की नवा माणूस घेऊ. टोपी आहेच, डोकं कुणाचंही चालेल."

एमिल उभाच होता. नखं लपवायची त्याला आता गरज वाटत नव्हती. "साहेब, हाकला मला, हरकत नाही. पण या मुलांना वाटतंय की त्यांच्या कप्तानाला कुणी खाल्लं. हे असंच ठेवून मी जाऊ? सोमवारी मला दहा मिनिटं द्या. मी त्यांना खरं काय ते दाखवतो."

"खरं दाखवलंस तर बॅरन मेला. त्याला कोण भिणार मग? शुक्रवारची रात्र हेच एक आपल्याकडे चालतंय, आणि ते तुझं आहे. कळतंय का तुला? कप्तानाचं विसर. बॅरन सांभाळ."

"दहा मिनिटं."

"एक मिनिटही नाही."

एमिल दारापर्यंत गेला आणि वळला. "हवामान माझ्याकडेच आहे ना अजून?"

"हवामानाला काय धाड भरलीय? ते सांग की."

"सांगतो," एमिल म्हणाला.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर तो डिटुलिओंच्या घरी गेला. मलाही ओढत नेलं. "स्टोव्हचं तू लावलंस, तूच सांग त्यांना." दार कार्मेलो डिटुलिओनं उघडलं. तो एमिलच्या भावाबरोबर भट्टीवर होता. दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिला.

"पोर दोन रात्री झोपली नाही, ह्रुष्का. आम्हीही नाही. आता काय, बाकीच्यांना खायला आलास?"

"खायला दिलंस तर खाईन," एमिल म्हणाला. "आतून सॉसचा वास येतोय."

कार्मेलोनं हात काढले. आत रोझेला टेबलाखाली होती, आईच्या पायाला धरून. एमिल तिच्याकडे गेला नाही. टोपी न घालता खुर्चीत बसला, खिशातून पिठाची पुरचुंडी, काजळाची डबी आणि एक ब्रश काढून टेबलावर मांडला, आणि आईशी सॉसबद्दल बोलत राहिला. टोमॅटो कुठले, तुळस किती. दहा मिनिटांनी टेबलाखालून आवाज आला.

"ते पीठ कशाला?"

"बॅरन करायला."

"कोण करणार?"

"एरवी ही बाई करते. पण हिला जमत नाही, बघितलंस ना शुक्रवारी? स्टोव्हचं काळं लावते. मी म्हटलं, दुसरं कुणीतरी शोधावं."

मग एक हात वर आला आणि ब्रश घेऊन गेला. मग पोरगी आली.

तिनं त्याला पीठ फासलं, कानांत, नाकात. ओठ काळे केले, ते गालापर्यंत गेले. प्रत्येक फटकाऱ्याला थांबून विचारायची, "कप्तान, आहेस आत?"

"आहे."

"आता?"

"आहे गं. नाकात पीठ गेलंय, पण आहे."

शेवटी ती मागे सरून उभी राहिली. एमिलनं दात दाखवून आजीचं ते कुजकट हसू काढलं. कार्मेलो दचकला. रोझेला नाही. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "असं नको. जास्त वाईट हस."

त्या क्षणी एमिलच्या तोंडावर काय आलं ते मी पाहिलं. पिठाखालीही दिसलं. बॅरन संपला, हे त्याला पेल्टनसाहेबांच्या खोलीतही ठाऊक होतं. पण आता पाच वर्षांची पोर त्याला हसायला शिकवत होती. तो म्हणाला, "उद्या दुपारी टीव्हीवर येशील? असंच करायचं. सगळ्यांना दाखवायचं की कप्तान आत असतो."

"माझा फ्रॉक धुवायला टाकलाय," ती म्हणाली. आईनं तो तेव्हाच वाळत घातला.

सोमवारी तीन पंचावन्नला हवामानाच्या नकाशासमोर एमिल कप्तानाची टोपी घालून उभा राहिला आणि शेजारी स्टुलावर रोझेला डिटुलिओ. "मुलांनो, आज हवामान जरा वेगळ्या पद्धतीनं सांगणार आहे," तो म्हणाला. "रोझेला, कर सुरू."

पेल्टनसाहेब वरच्या मजल्यावर चहा पीत होते. ते जिना उतरेपर्यंत अर्धा चेहरा पांढरा झाला होता. ते ओरडले, "लेस्टर, ग्लासावर जा!" लेस्टरनं कानावरचे हेडफोन दाबून धरले. म्हणजे ऐकू येत नाही असं दाखवलं. साहेब माझ्याकडे वळले. मी त्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे उभी होते, हातात घुबड होतं, आणि मी हलले नाही. मला वाटलं, नोकरी गेली तर गेली, टायपिंग कुठंही मिळतं.

"कप्तान, आहेस आत?" रोझेलानं विचारलं. सगळ्या लँगफर्डनं ऐकलं.

"आहे. टोपी सरळ कर माझी."

तिनं टोपी काढून बाजूला ठेवली. त्याचे केस विस्कटले, ओठ रंगवले आणि स्टुलावरून उतरून कॅमेऱ्याकडे वळली. "कुणी खाल्लं नाही," ती रागावल्यासारखी म्हणाली. "हा तोच आहे. हे नुसतं पीठ आहे."

उरलेल्या वीस सेकंदांत बॅरन झ्लोबानं आजीच्या आवाजात सांगितलं की आज रात्री आठ इंच बर्फ पडणार आहे, लोकरीचे मोजे घाला, नाहीतर मी येईन. आठ नाही, अकरा इंच पडला. तेवढी त्याची चूक झाली.

मंगळवारी सकाळी साहेबांनी खणातून फोन काढला तेव्हा आया बोलत होत्या. रात्री पोरं झोपली म्हणून, डब्यातलं पीठ संपलं म्हणून, गावभर घराघरांत बापांना बॅरन केलं म्हणून. डेअरीचा माणूसही त्यांतच होता. त्यालाही त्याच्या मुलीनं रंगवलं होतं. बुधवारी कप्तान पुन्हा चारला आला आणि पुढची सात वर्षं येत राहिला.

पेल्टनसाहेबांचं म्हणणंही खोटं नव्हतं. त्या शुक्रवारी झाकण करकरलं, बॅरन उठून बसला आणि लँगफर्डभर लहान बहिणी जागं राहायचा हट्ट करून खिदळल्या. थोरल्या पोरांनी पत्रं लिहिली: आता मजा नाही. एमिलनं फेब्रुवारीपर्यंत ओढलं. शेवटच्या शुक्रवारी मुद्रण संपल्यावर तो पेटीत बसून राहिला. मी क्रीम घेऊन उभी. म्हणाला, "आजीला दोनदा पुरलं मी, विल्मे." मग उठला, नखं पुसली, हवामान सांगायला गेला. ती फीत आठवड्यानं पुसली. त्याच्यावर महापौरांचं भाषण घेतलं.

"सोमवारी पेटी कोवालचिकना देऊन टाकू," तो मला जाताना म्हणाला.

सोमवारी मुलांनी विचारलं, बॅरन आता झोपणार कुठं? म्हणून पेटी कप्तानाच्या बोटीवर आली. तिच्यात वाढदिवसाची कार्डं ठेवायला लागलो, आणि ती तिथंच राहिली. एकाहत्तरला मुलांचे असले कार्यक्रम सगळ्याच केंद्रांनी बंद केले. टोपी एमिलनं नेली, पेटी माझ्या गॅरेजात आली. नंतर चोवीस वर्षं तो चर्चमध्ये बिंगोचे आकडे पुकारायचा, मधेच एखादा आकडा आजीच्या आवाजात. म्हाताऱ्या बायका टाळ्या वाजवायच्या.

*

एमिल, नातवाला हे एवढं वाचून दाखवीन. पुढचं तुझं माझं आहे.

दर ईस्टरला तू म्हणायचास, "पेटी द्यायची राहिलीय." आणि मी म्हणायची, "ट्रक आण." तुझ्या शेवटच्या ईस्टरनंतर एका शनिवारी तू खरंच पुतण्याचा ट्रक घेऊन आलास. सकाळी आठला. तुझे गुडघे गेलेले, माझी पाठ गेलेली. ठरलं असं की आधी रिकामी करू, हलकी होईल. झाकण उघडलं. वर रोझेलाचं कार्ड होतं, खाली बाकीची, अक्षरानं लावलेली. मग तू खुर्ची मागितलीस, मग चष्मा, आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागलास. श्वास घेऊन, सावकाश, आता वेळ होता म्हणून. मी घुबड शोधून आणलं. दुपारी आपण पिरोही तळून खाल्ल्या, पेटीच्या झाकणावर ताटल्या ठेवून. थोरले कोवालचिक वर बसून बघत असतील तर बघोत. पाच वाजले तेव्हा तू 'म' पर्यंत आला होतास आणि त्यांचं दुकान बंद झालं होतं.

"पुढच्या शनिवारी," तू म्हणालास, आणि ट्रक रिकामा घेऊन गेलास.